चाळिशी-पन्नाशीत पुन्हा मोटारसायकल: सातारकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्वतः ४९व्या वर्षी, १७ वर्षांच्या खंडानंतर पुन्हा गाडीवर बसलो. मधली वर्षं कारमध्ये आणि खुर्चीत गेली. तेव्हापासून ओळखीतले आणि त्यांच्या ओळखीतले फोन करून विचारतात, आणि प्रश्न तेच ते असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही, मेकॅनिकही नाही. पडलेलो मात्र आहे.

वीस वर्षांनी बसतोय. चालवायला विसरलो तर नसेन?

नाही. पोहणं विसरत नाही, तसंच हे. पाचशे मीटरमध्ये क्लच-गिअर हातापायांना आठवतात, आणि घोटाळा तिथेच होतो. डोक्यात पंचविशीतली गाडी असते आणि सीटवर पन्नाशीचा माणूस. त्या दोघांची ओळख व्हायला वेळ लागतो.

माझ्या पाहण्यात परत आलेली माणसं वेगात क्वचित पडली. पडली ती थांबताना, यू-टर्न घेताना, घरासमोरच्या उतारावर गाडी मागे घेताना. पाय टेकायला अर्धा सेकंद उशीर होतो, खाली बारीक खडी असते, आणि गाडी कलंडते. त्यामुळे तयारीचा रोख तिकडेच ठेवा. १०० च्या वेगाची तयारी नंतर होईल, आधी शून्याच्या वेगाची करा.

एक सवय मात्र मुद्दाम मोडावी लागते. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात होता. आताच्या सगळ्या गाड्यांना उलट. शांतपणे चालवताना हे लक्षात राहतं. कुत्रं आडवं आलं की पाय जुन्या जागी जातो. स्प्लेंडरवाल्यांचंही तेच: तिथे सगळे गिअर पुढे दाबून पडतात, बऱ्याच नव्या गाड्यांना पहिला खाली आणि बाकीचे वर. बंद गाडीवर बसून रोज पाच मिनिटं नुसते पाय हलवा. घरचे हसतील, हसू द्या.

आधी डॉक्टरांकडे जायलाच हवं का?

हो. चाळिशीनंतर लायसन्सच्या कामाला नमुना १-अ चा वैद्यकीय दाखला लागतोच. तो सही-शिक्क्यापुरता घेऊ नका, त्यानिमित्ताने खरंच तपासून घ्या. बीपी, उपाशीपोटी साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, डोळे. जिना चढताना छातीत दाबल्यासारखं होतं किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागते, तर आधी हृदयाचं बघा, गाडीचं नंतर. डोळ्यांत नुसता नंबर नको, मोतीबिंदू आणि काचबिंदूही तपासायला सांगा. काचबिंदूत कडेचं दिसणं कमी होत जातं आणि माणसाला पत्ताही लागत नाही. कडेनेच तर एसटी येते.

गोळ्यांबद्दल स्पष्ट विचारा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर जेवण लांबल्यावर साखर उतरू शकते: घाम, थरथर, डोकं बधिर. निघण्यापूर्वी साखर मोजा, खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा, आणि लक्षण दिसलं की बाजूला घ्या, "पुढच्या टपरीपर्यंत" नाही. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. बीपीची किंवा प्रोस्टेटची गोळी नवी सुरू झाली असेल तर पहिले काही दिवस उठताना चक्कर येते का ते बघा, मगच गाडी.

कोणता व्यायाम करायचा? हात मजबूत हवेत ना?

सगळे दंडावर हात मारून दाखवतात. गाडी दंडाने चालत नाही, मांडीने चालते.

घोडेस्वाराबद्दल आपल्याकडे जुना शब्द आहे: मांड. मांड पक्की असलेला गडी घोड्यावरून हलत नाही, लगाम सैल असला तरी. मोटारसायकलचंही तेच. दोन्ही मांड्यांनी टाकी धरायची, कंबरेवरचं धड पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंनी तोलायचं, आणि हात हँडलवर नुसते ठेवायचे. खराब रस्त्यावर हात किंचित सैल सोडून बघा. तोल राहिला तर मांड आहे. हँडल आवळून धरावंसं वाटलं तर मांड गेली, आणि मग मनगटं, खांदे, मान सगळ्यांना मांडीचं काम करावं लागतं. तासाभरात जे दुखतं ते यामुळे.

मी करतो आणि सांगतो ते असं.

बैठका, पण तालमीतल्या खोल नव्हेत. मागे खुर्ची ठेवायची, टेकायच्या बेतात जायचं आणि उठायचं. १० च्या तीन फेऱ्या. गुडघा कुरकुरला तर खुर्ची उंच घ्या. मग पाठीवर झोपून, पाय दुमडून कंबर वर उचलणं (सेतुबंधासन), आणि कोपरांवर फळीसारखं ताठ राहणं, सुरुवातीला २० सेकंद पुरे.

एका पायावर उभं राहून मोजे घाला. भिंतीला टेकायचं नाही. माझ्या पहिल्या दिवशी मोजा अर्ध्यावर गेला आणि मी पलंगावर. सिग्नलला पाय टेकताना लागतो तो हाच तोल, आणि तो चाळिशीनंतर गुपचूप कमी होतो. जिन्याच्या पायरीवर चवडे ठेवून टाचा वर-खाली करा, घोट्यात ताकद येते.

पाय सीटवरून पलीकडे टाकता येतो का? जेवणाच्या खुर्चीच्या पाठीवरून टाकून बघा. येत नसेल तर खुबा आखडलाय. त्याला सूर्यनमस्कारासारखं दुसरं काही नाही, आणि ते सांगायला आपल्याला लांब जायला नको. सूर्यनमस्काराचा देशभर आणि देशाबाहेर प्रचार करणारे भवानराव पंतप्रतिनिधी आपल्याच जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे राजे. एक पाय मागे लांब टाकतो ती अवस्था नीट, सावकाश करा, तिथे खुब्याचा पुढचा भाग सुटतो. तिला अश्वसंचालन म्हणतात. मांडीचा विषय पुन्हा घोड्यावरच आला.

मानेसाठी: तळहात कपाळावर, डोक्याने हाताला आणि हाताने डोक्याला ढकलायचं, पाच सेकंद. मग मागून, दोन्ही बाजूंनी. हेल्मेटचं वजन आणि वारा मानेवर येतो. त्याशिवाय मान वळवून खांद्यावरून मागे दिसलं पाहिजे, नुसत्या आरशावर भागत नाही. पंजांसाठी ओला टॉवेल पिळायचा. घरात त्याचं कौतुकही होतं.

आणि चालणं. आठवड्याला एकूण १५० मिनिटं तरी, दम लागेल पण बोलता येईल असं. सकाळी अजिंक्यतारा चढून उतरलात तर त्यात मांडी, घोटा, दम सगळंच आलं. उतरताना घाई नको, गुडघे उतारावर जातात.

जिम लावू का?

आवडत असेल तर लावा. वर लिहिलेलं घरच्या चटईवर होतं.

किती दिवसांत तयार होईन?

सहा ते आठ आठवडे नेमाने केलंत तर फरक स्वतःला जाणवतो. त्या काळात गाडी बंद ठेवायची गरज नाही, जवळच चालवा. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर ठीक. सांध्यात टोचलं, किंवा कंबरेतून कळ पायात उतरली तर थांबा आणि दाखवा.

पोट सुटलंय. चालेल?

गाडीला चालतं. जॅकेटच्या चेनला चालत नाही. पुढे झुकून बसायची गाडी घेतली तर पोट टाकीवर येतं आणि श्वास वरच्या वर राहतो, त्यामुळे सरळ बसायचीच गाडी घ्या.

तासाभरात कंबर धरते. सीट बदलू का?

सीटवर पैसे घालण्याआधी मागच्या खिशातलं पाकीट काढा. चेष्टा नाही. जाड पाकिटावर बसलं की एक बाजू उचलली जाते आणि कणा तासभर वाकडा राहतो. माझी निम्मी कंबरदुखी पाकिटातल्या जुन्या पावत्यांची होती.

मग मेकॅनिककडून मागचे शॉकअप तुमच्या वजनाला लावून घ्या. ते बरेचदा कमी वजनाच्या स्वाराच्या हिशेबाने असतात. हँडलपर्यंत हात पोचताना खांदे पुढे ओढले जात असतील तर हँडल थोडं मागे फिरवता येतं. स्पीडब्रेकर दिसला की फुटरेस्टवर किंचित उठा, धक्का गुडघ्यांनी घ्या. आणि ४५ मिनिटांनी उतरा, चार पावलं चाला, पाणी प्या. लघवी दाबून ठेवून घाट उतरण्यात पुरुषार्थ नाही.

बोटांना मुंग्या येतात.

बहुतेक वेळा हँडल आवळल्यामुळे. मांडीचा विषय पुन्हा वाचा. क्लचची केबल जड असेल तर बदला, लिव्हर असा फिरवा की मनगट सरळ राहील. मुंग्या गाडीवरून उतरल्यावरही राहत असतील, रात्री झोपेतून उठवत असतील, किंवा हातातून कप निसटत असेल तर नस दाबली जातेय. डॉक्टरांना दाखवा, तेल चोळत बसू नका.

कोणती गाडी घेऊ? मनात बुलेट आहे.

सगळ्यांच्याच असते. क्लासिक ३५० भरते १९५ किलो, सीटची उंची ८०५ मिलिमीटर. स्प्लेंडर साधारण ११२ किलो. चालू गाडीला हा फरक कळत नाही. बंद गाडी पार्किंगच्या चढावर मागे ढकलताना कळतो. शोरूममध्ये टेस्ट राइडआधी हे तीन करून बघा: दोन्ही पाय चवड्यापेक्षा जास्त टेकतात का, गाडी स्टँडवरून एकट्याने काढता येते का, आणि बसून पायांनी दहा फूट मागे नेता येते का. विक्रेता कंटाळेल, कंटाळू द्या.

एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेलीच घ्या. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे, म्हणजे जुनी सेकंडहँड घेताना हा प्रश्न येतो. आपल्या पिढीला "पुढचा ब्रेक मारायचा नाही, उलटशील" असं शिकवलंय. प्रत्यक्षात थांबवण्याची बरीचशी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. सरळ रस्त्यावर, मोकळ्या जागी, तो हळूहळू दाबून दाबून शिकून घ्या.

गाडी पडली तर? एकट्याने उचलता येईल?

माझी पडली ती यवतेश्वर घाटात. पाऊस नव्हता, वेग नव्हता. फोन वाजला म्हणून कडेला घेतली. डावा पाय टेकला तिथे रस्ता बाहेरच्या बाजूला उतरता होता आणि वर बारीक खडी. पाय जमिनीला पोचेपर्यंत गाडी पोचली होती. म्हणजे आडवी. मी मात्र शेवटपर्यंत हँडल धरून तिला सावरत होतो, आणि त्या हट्टापायी मनगट मुरगळलं. तीन आठवडे डाव्या हाताने शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. दुधाच्या टेम्पोतली दोन पोरं उतरली, गाडी उभी केली. त्यातला मोठा म्हणाला, "काका, एवढी झुकली की सोडून द्यायची. ती लोखंडाची आहे."

तेव्हापासून मीही तेच सांगतो. थोडी झुकली तर सावरा, ठरावीक कोनापुढे गेली तर पाय काढा आणि सोडा. आरसा दोन-चारशेत येतो.

उचलायची पद्धत अशी. आधी चावी बंद. गाडी गिअरमध्ये टाका, म्हणजे चाक फिरणार नाही. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा. मग गाडीकडे पाठ करा, बूड सीटच्या कडेला टेकवा, एका हाताने हँडलची जवळची मूठ, दुसऱ्याने सीटखालचा भक्कम दांडा किंवा चौकट धरा. पाठ सरळ, ताकद पायांची, बारीक पावलं मागे टाकत ढकला. कंबरेतून वाकून ओढायची नाही. उतारावर, ओल्यात किंवा एकटे असाल तर वाट बघा. आपल्या रस्त्यावर पाच मिनिटांत कोणीतरी थांबतंच, आणि सल्लाही देतं.

सुरुवात कुठून करू? थेट कास?

नको. पहिले दोन-तीन रविवार सकाळी कुठलंही मोकळं मैदान. हाफ क्लच (म्हणजे क्लच अर्धवट दाबलेला), मागच्या ब्रेकवर हलका पाय आणि चालण्याच्या वेगात इंग्रजी आठचा आकडा. नजर पुढच्या चाकावर गेली की पाय टेकलाच म्हणून समजा. नजर जिथे जायचंय तिथे. दहा वेळा थांबा, दहा वेळा निघा, चढावर निघा.

मग सज्जनगडाच्या पायथ्यापर्यंत, पंधराएक किलोमीटर. वर पायऱ्या चढून या, व्यायामाचा हिशेबही होतो. नंतर यवतेश्वर चढून कासकडे, पण फुलांच्या हंगामातल्या शनिवार-रविवारी नाही. तेव्हा तो रस्ता गाड्यांचा बाजार असतो आणि प्रत्येक जण फोटोसाठी अचानक थांबतो. त्यानंतर ठोसेघरवरून चाळकेवाडीचं पठार. तिथे पवनचक्क्या उगाच नाहीत उभारल्या. आडवा वारा गाडीला लेनभर सरकवतो, आणि घाबरून हात आवळले की जास्तच. मांड घट्ट, कोपरं सैल, वेग कमी. तिथून न दमता परत आलात तर मेढा-केळघरमार्गे महाबळेश्वर करा. पुणे-बेंगळुरू हायवे सगळ्यात शेवटी. तिथे चालवणं सोपं आहे, पण चूक महाग.

घाटात वळणावर छाती धडधडते.

वेग वळणाच्या आधी कमी करा, मध्ये नाही. गिअर आधीच खाली, दुसरा पुरतो. वळणात थ्रॉटल हलका चालू, नजर वळणाच्या शेवटाकडे. दरीकडे बघितलं की गाडी दरीकडे जाते. कठड्याकडे बघाल तर कठड्याकडे. उतारावर क्लच दाबून सोडायची सवय पेट्रोल वाचवणाऱ्या जुन्या मंडळींना असते. ती विसरा. गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच तिला आवरून धरतं, तो इंजिनचा ब्रेक हाताशी राहू द्या.

रात्री चालवू का?

मी टाळतो. वयानुसार अंधारात बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही, डोळ्यात कमी उजेड जातो, आणि समोरच्या हेडलाइटने दिपलेली नजर सावरायला वेळ लागतो. ६० च्या वेगाला सेकंदाला १६-१७ मीटर जातात. दिसून, समजून, ब्रेक लागायला दीड सेकंद धरला तर २५ मीटर तुम्ही नुसतेच गेलेले असता.

आणि आपल्याकडे ऊस आहे. गळीत हंगाम सुरू झाला की मार्चपर्यंत कोरेगाव काय, कऱ्हाड काय, सगळे रस्ते ट्रॅक्टरचे. मागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर, मागचा दिवा असलाच तर उसाखाली झाकलेला. रस्त्यावर पडलेल्या कांड्यांवरून पुढचं चाक घसरतं. जायचंच असेल तर हेल्मेटची काच नवी घ्या. चरे पडलेली काच रात्री चांदणं दाखवते.

पावसात?

पहिलं वर्ष नको. यवतेश्वरवर धुकं उतरलं की पुढचं वळण ऐकू येतं, दिसत नाही.

हेल्मेट, जॅकेट एवढं सगळं लागतं का? इथे तर सगळे चप्पल घालून...

चप्पल घालून बुलेट हा आपला जिल्ह्याचा गणवेश आहे, मान्य. पण उभ्या गाडीखाली पहिला सापडतो तो घोटा. घोटा झाकणारा बूट ही हेल्मेटनंतरची पहिली खरेदी. हेल्मेट आयएसआय खुणेचं, पूर्ण तोंड झाकणारं, गाल किंचित दाबले जातील असं घट्ट. चष्मा लावून घालून बघा. एकदा जोरात आपटलं की बदला, वरून कितीही चांगलं दिसू द्या. हातमोजे हवेत, कारण पडताना माणूस हातच पुढे करतो. उन्हाळ्यासाठी जाळीचं जॅकेट मिळतं.

लायसन्स कधीच संपलंय.

तारीख बघा. मुदत संपून एक वर्ष झालं नसेल तर नूतनीकरण होतं. वर्ष उलटलं असेल तर पुन्हा वाहन चालवण्याची चाचणी द्यावी लागते. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा वाट बघू नका. ५५ वर्षांनंतरचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी मिळतं. लायसन्सवर गिअरच्या मोटारसायकलचा वर्ग आहे का तेही पाहा, काहींच्या लायसन्सवर नुसती कार असते.

जुनी गाडी गोठ्यात उभी आहे. तीच काढू?

काढा, पण किक मारण्याआधी टायर बघा. बाजूला चार आकडे असतात: २३१५ म्हणजे २०१५ सालचा २३वा आठवडा. दहा वर्षांचा टायर नक्षी शाबूत असली तरी दगड झालेला असतो. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, ब्रेक, केबली, बॅटरी बदला. नोंदणीला १५ वर्षं झाली असतील तर तीही पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते.

मी ४६ वर्षांची आहे. कॉलेजला लूना चालवायचे, आता गिअरची गाडी शिकायचीय. उशीर झाला का?

ताई, तुमच्याकडे मोडायच्या वाईट सवयी नाहीत, हा फायदाच आहे. पाळी थांबण्याच्या आसपास आणि त्यानंतर हाडांची घनता वेगाने कमी होते, म्हणून साध्या पडण्यातही मनगट मोडू शकतं. डॉक्टरांना हाडांच्या घनतेच्या तपासणीबद्दल आणि ड जीवनसत्त्वाबद्दल विचारा. बैठका आणि जिना तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त उपयोगाचे, वजन पेलणाऱ्या व्यायामाने हाडं टिकतात. कमी उंचीची, हलकी गाडी घ्या. ओढणी-पदर चाकाच्या वाऱ्यालाही नको. आणि घरातल्या पुरुषाकडून शिकू नका, दोघांचं भांडण होईल. परक्याकडून शिका.

मंडळींचा विरोध आहे. काय सांगू?

सांगू नका, दाखवा. विम्यात मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण आहे ना ते दाखवा, फोनवर लोकेशन चालू ठेवा, सांगितलेल्या वेळी परत या. मागे बसणार असतील तर त्यांनाही हेल्मेट लागतंच. पण पहिले तीन महिने कोणाला मागे बसवू नका. साठ-सत्तर किलो मागे आले की थांबताना गाडी वेगळीच वागते. आमच्या घरी हा विरोध सज्जनगडावर मावळला. दर्शन घेऊन खाली आल्यावर बायको म्हणाली, "परत येताना मेढ्याकडून जाऊ या." मेढा दुसऱ्याच बाजूला आहे. मी काही बोललो नाही.

तुम्ही आता कोणती चालवता?

तीच, यवतेश्वरला आडवी झालेली. क्लचच्या लिव्हरचं टोक अजून घासलेलं आहे, बदललं नाही. थांबण्यापूर्वी आधी डाव्या पायाखालची जमीन बघतो, मग पाय काढतो. फोन वाजला तर वाजू देतो.